खिडकीखालची खडी

गिलबारात उन्हाळ्यात गुलाब लावणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. डेल आत्या तसं काही म्हणत नाही. ती म्हणते, "लाव की. रोप मेल्यावर माझ्या दारात रडत येऊ नकोस म्हणजे झालं."

डेल हॅनफर्ड म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तरुणपणी मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांसाठी स्वयंपाक करत मुलूखभर हिंडली. त्यातल्याच मर्व्ह नावाच्या एका कातरणाऱ्याशी लग्न केलं आणि या गावात येऊन बसली. मूलबाळ नाही. मर्व्ह काका गेले तेव्हा मी शाळा सोडून नुसती उंडारत होते. आत्या म्हणाली, मागची खोली रिकामी आहे, ये. त्या दिवसापासून मी तिथेच आहे. पेट्रोल पंपावर काम करते आणि आत्याच्या घरात राहते. आत्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही, आणि हे गावाला माहीत आहे.

तिच्या बागेबद्दल सांगते. नाताळाच्या सुमाराला, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो आणि मार्चपर्यंत खाली यायचं नाव घेत नाही. गवत पिवळं पडतं, मग राखेच्या रंगाचं होतं, मग उडून जातं. अशा वेळी आत्याचं अंगण पेटल्यासारखं फुललेलं असतं. फाटकाशी जांभळी बोगनवेल. वाटेच्या दोन्ही कडांना चिनी गुलाब, ते दहाच्या उन्हात डोळे उघडतात आणि ऊन उतरलं की मिटून घेतात. भिंतीला लागून सदाफुली. मध्ये लाल कोंबडा, म्हणजे तुऱ्याचं फूल, हाताच्या पंजाएवढा. आणि मागे, लिंबाच्या झाडापलीकडे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला झिनियाचा वाफा. तो बियाण्याचा. तिथलं फूल ती कुणाला तोडू देत नाही.

लोक विचारतात, गुपित काय? गुपित म्हणजे मेंढीचं ढुंगण. कातरण्याच्या शेडमध्ये मागच्या बाजूची लेंड्यांनी माखलेली लोकर वेगळी काढून फेकतात. ती आत्या पोत्यांनी आणते आणि रोपांच्या बुडाशी पसरते. खत तेच, पांघरूण तेच. पहिले दोन आठवडे अख्ख्या गल्लीला वास येतो. दुसरं म्हणजे ती रोपांचे लाड करत नाही. रोप मान टाकेपर्यंत पाणी नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, "अगं, मरतायत ती."

"मरत नाहीत, शिकतायत," ती म्हणाली. "आज वर वर पाणी घातलं की मुळं वरच बसून राहतात, आळशी पोरांसारखी. तहान लागली की खाली जातात."

बोलताना माझ्याकडे बघत होती. मी दुसरीकडे बघितलं.

आता व्हर्नाबद्दल सांगायला हवं. व्हर्ना पॅस्को, शेजारची. दोघींच्या मधल्या कुंपणाची एक फळी कधीकाळी मर्व्ह काकांनी काढून ठेवली होती, कारण पुढच्या फाटकाने जायला या दोघींना वेळ नसायचा. त्या फटीतून बशा जायच्या, रोपं जायची, अर्धवट विणलेले स्वेटर जायचे, आणि बाजूला वळून पोट आत घेऊन व्हर्ना स्वतःही यायची.

"अजून एक केक खाल्लास तर अडकशील," आत्या म्हणायची.

"अडकले तर तिथेच पाणी घाल मला. फुलेन."

असं त्यांचं चालायचं. व्हर्नाचं वॉशिंग मशीन बंद पडलं तेव्हा आत्या म्हणाली, नवीन कशाला घेतेस, तुझे कपडे माझ्याकडे टाक. दोघींचे कपडे आत्याच्या मशीनमध्ये, आणि मशीनचं पाणी नळीने मागच्या वाफ्यात. साबणही आत्या झाडांना सोसेल असा साधाच वापरायची. व्हर्नाच्या चादरी भिजल्या की आत्याची झिनिया भिजायची. दोघी खूश.

मर्व्ह काकांचा शेवटचा उन्हाळा गावच्या हॉस्पिटलात गेला. खालच्या मजल्यावरची खोली, पलंग खिडकीला लावलेला. खिडकीबाहेर भिंतीच्या कडेने जमिनीची एक लांब पट्टी आहे. त्यावर नुसती खडी. काका दिवसभर त्या खडीकडे बघायचे. एकदा म्हणाले, "डेल, मी आयुष्यभर धूळ बघितली. मरताना तरी काहीतरी रंगीत बघायला हवं होतं." आत्या घरून फुलं कापून न्यायची, पण फुलदाणीतलं फूल बाजूच्या टेबलावर, आणि काकांना मान वळवता येत नव्हती. त्या खोलीत आत्याबरोबर रोज कोण बसायचं? व्हर्ना. हे वाक्य काकांनी म्हटलं तेव्हा ती पलंगाच्या पायथ्याशी बसून काकांच्या पायांना तेल लावत होती.

काका गेल्यावर आत्या पालिकेत गेली. म्हणाली, ती पट्टी मला द्या, मी फुलं लावते. त्यांनी सांगितलं, तिथे काही जगत नाही, आणि एकाला जागा दिली की सगळे मागतील. मग तिने एकच मार्ग धरला, स्पर्धेचा.

आमच्या गावात जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी भर उन्हातल्या बागेची स्पर्धा असते. परीक्षक दुपारी दोन वाजता घरोघर फिरतात. पारा चाळीसच्या खाली असेल तर स्पर्धा पुढे ढकलतात. एका वर्षी पाऊस आला आणि स्पर्धाच झाली नाही, अख्खं गाव पावसाला शिव्या घालत होतं. जिंकणाऱ्याला पालिकेची कुठलीही एक जागा वर्षभर आपल्या फुलांसाठी मागता येते. आजपर्यंत लोकांनी पबसमोरचा चौक मागितला, नाहीतर शाळेचं फाटक. व्हर्ना दरवर्षी भाग घ्यायची आणि दरवर्षी हरायची. आत्याने कधीच भाग घेतला नव्हता. फुलांची परीक्षा कसली घ्यायची, म्हणायची. त्या वर्षी मात्र तिने नाव दिलं.

मी त्या दिवशी स्वयंपाकघरात होते. आत्याने व्हर्नाला सांगितलं, "मी जिंकले तर हॉस्पिटलची खडी मागणार."

व्हर्ना चहा ढवळत होती. ढवळतच राहिली. मग म्हणाली, "छान. मर्व्हला बरं वाटलं असतं." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे यंदा मी नाव देऊन उपयोग नाही."

"दे की. तू माझ्यापुढे जिंकलीस तर तू माग खडी. कुणी का लावेना."

हे आत्या मनापासून म्हणाली होती. मला वाटतं तेच व्हर्नाला झोंबलं. पण हे मला आत्ता वाटतं, तेव्हा मी बिस्किटं खात होते.

त्या वर्षी धरण तळाला गेलं होतं. पालिकेचा नियम, नळाचं पाणी नळीने घालायचं नाही. बादलीने घालायचं, तेही एक दिवसाआड, विषम नंबरच्या घरांनी विषम तारखेला. अंघोळीचं, कपड्यांचं पाणी नळीने घातलं तरी चालतं, पण मग फाटकावर पाटी लावायची, 'या बागेत सांडपाणी वापरले जाते.' गावात निम्म्या फाटकांवर त्या पाट्या लटकल्या होत्या. आत्याच्या फाटकावर नव्हती.

मी मागे लागले होते. "लाव ना ती पाटी. कटकट नको."

"माझ्या बोगनवेलीखाली सांडपाण्याची पाटी? मी बाग केलीय का गटार?"

व्हर्ना तिथेच होती. म्हणाली, "राहू दे गं तिचं. एवढ्या फुलांवर पाटी शोभणार नाही. आणि मागच्या अंगणात कोण बघायला येतंय?"

मग आत्या हट्टालाच पेटली. पाटी राहिली ती राहिलीच. ही आत्याची चूक, मी झाकत नाही.

स्पर्धेच्या आधल्या आठवड्यात पालिकेचा पाणी-तपासनीस दारात आला. ग्लिन बोडी, माझ्याबरोबर शाळेत होता. टोपी काढून उभा, घाम गळतोय.

"डेल, तक्रार आलीय. तू नळीने पाणी घालतेस म्हणे."

"घालते. मशीनचं. ये, बघ."

तो मागे गेला. त्याने मशीन बघितलं, नळी बघितली, वास घेतला. म्हणाला, "साबणाचं आहे, दिसतंय मला. पण पाटी नाही. आणि तक्रार लेखी आहे. चौकशी उघडावी लागते."

"किती दिवस?"

"तीन-चार आठवडे. वरचा साहेब सुट्टीवर आहे." मग चुळबुळत म्हणाला, "आणि चौकशी चालू असलेली बाग स्पर्धेत धरत नाहीत. मी नियम केला नाही, डेल."

आत्याच्या आधी मीच बोलले. "कुणी केली तक्रार? समोरचा व्हॉस्पर? गेल्या वर्षी त्याचा लॉन जळला तेव्हापासून तो आपल्याकडे बघून थुंकतो."

"नाव सांगता येत नाही मला. तू मला नोकरीवरून घालवू नकोस."

"मग काय लिहिलंय ते तरी सांग."

ग्लिनने कागदावरून वाचलं तसं वाचून दाखवलं. लिंबाच्या झाडामागे, टाकीच्या आडोशाला, झिनियाच्या वाफ्यात सकाळी नळी चालू असते.

मी त्याच्याशी भांडतच राहिले, तो कंटाळला आणि गेला. मग मी तावातावाने वळले, व्हॉस्परच्या दारात जाऊन त्याला जाब विचारणार होते. आत्या म्हणाली, "बस खाली. व्हॉस्परला तो वाफा दिसत नाही."

मी बसले नाही. उभ्या उभ्याच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रस्त्यावरून तो वाफा दिसत नाही. आमच्या स्वयंपाकघरातूनही दिसत नाही, मध्ये टाकी आहे. तो एकाच ठिकाणाहून दिसतो, कुंपणाच्या फटीतून.

इथे चुगलखोराला माफी नाही. माणूस दारू पिऊन कुंपण मोडून गेला तर लोक हसतात, पण शेजाऱ्याची चुगली केली तर पबमध्ये त्याच्या बाजूचं स्टूल रिकामं राहतं. आणि ही नुसती शेजारीण नव्हती. त्या सकाळी मशीनमध्ये कपडे कुणाचे होते ते मला माहीत होतं, कारण मीच दोरीवर वाळत घातले होते. व्हर्नाच्या निळ्या फुलांच्या चादरी आणि तिचा तो ढगळ नाइट-गाऊन. स्वतःच्या चादरीचं पाणी दाखवून तिने आत्याचा केसाने गळा कापला होता.

"मी जाते तिच्याकडे," मी म्हटलं.

"जायचं नाही."

मी गेले. मला कुणी जायचं नाही म्हटलं की माझे पाय आधीच दारात असतात. फटीतून नाही गेले, पुढच्या दाराने गेले.

व्हर्ना ओट्याशी कांदा चिरत होती. मला बघून म्हणाली, "ये बाई. जेवलीस?"

"तू लिहून दिलंस?"

तिचा हात थांबला. खोटं बोलायला तिला जमत नाही, एवढं मात्र खरं. म्हणाली, "मी नुसतं विचारायला गेले होते. असं चालतं का म्हणून. त्या काउंटरवरच्या पोरीने कागद पुढे केला."

"आणि पेन तुझ्या हातात आपोआप आलं."

"मला वाटलं, ताकीद देतील. पाटी लावायला लावतील. एवढंच."

"स्पर्धेतून काढतील हे तुला माहीत नव्हतं? दरवर्षी नियमांचा कागद तू घेऊन येतेस. आत्याचं नावसुद्धा तूच भरून दिलंस."

तिने सुरी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी होतं, कांद्याचं असेल, मी विचारलं नाही. "तुला काय कळणार, तू काल आलीस," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी या घरात राहते. माझ्या फाटकाशी गाडी थांबते ती कशासाठी माहितीय? 'डेलची बाग हीच का?' विचारायला. माझ्याकडे जे फुलतं ते तिने दिलेलं. एकदा, फक्त एकदाच, मला जिंकायचं होतं, आणि ती कधी नाव देत नव्हती. तर हिने नेमकं यंदाच दिलं. वर म्हणाली, तू जिंकलीस तर तू लाव. भिकाऱ्याला टाकावं तसं."

"ती खडी मर्व्ह काकांची आहे."

"मर्व्हच्या पायांना तेल मीही लावलंय," ती म्हणाली.

मी वळून बाहेर पडले. तिच्या चादरी दोरीवरच होत्या. मी घरी येऊन त्या काढल्या, नीट घड्या घातल्या आणि तिच्या पायरीवर ठेवल्या. फेकणार होते, पण आत्या बघत होती.

त्याच दुपारी आत्याने शेडमधून जुनी फळी काढली, हातोडी घेतली आणि फट बंद केली. पलीकडे व्हर्ना अंगणात होती, तिच्या चपला वाजत होत्या. चार खिळे.

शनिवारी पारा भरपूर वर होता. परीक्षक आमच्या फाटकावरून पुढे गेले. त्यातली एक बाई थांबली, बोगनवेलीकडे बघून तिने नुसती मान हलवली, मग तीही गेली. व्हर्ना जिंकली. तिच्या अंगणातली सदाफुली आत्याच्या बियांची, चिनी गुलाब आत्याच्या काड्यांचे, बुडाशी लोकर आत्यानेच आणून दिलेल्या पोत्यातली. संध्याकाळी बक्षिसाच्या टाळ्यांचा आवाज गावच्या हॉलमधून आमच्या व्हरांड्यात ऐकू येत होता. आत्या भाजी चिरत होती. मी रेडिओ मोठा केला, तिने बारीक केला.

व्हर्नाने हॉस्पिटलची खडीच मागितली. हे ऐकून मी पंपावर एका ट्रकवाल्याची टाकी ओतू जाईपर्यंत भरली.

"चौक मागायचा ना," मी घरी येऊन म्हटलं. "तेही तुझंच हवं होतं तिला?"

"बरं झालं," आत्या म्हणाली. "खडी हलली तरी." आणि आत जाऊन झोपली. दिवसाउजेडी झोपलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

फेब्रुवारीत हॉस्पिटलच्या माळ्याने खडी उपसली, व्हर्नाने रोपं लावली. हॉस्पिटलला स्वतःची विहीर आहे, तिथे पाण्याची बंदी नाही. व्हर्नाने रोज संध्याकाळी नळी लावली. रोपं हिरवीगार झाली, फोटो काढले. दोन आठवड्यांत सदाफुलीची खोडं बुडाशी काळी पडली आणि ओळच्या ओळ आडवी झाली. भाजल्या जमिनीत रोज साचलेलं पाणी म्हणजे मुळांना उकळून काढणंच. आत्या तिला हे दरवर्षी सांगायची. व्हर्नाला कधी लक्षात ठेवावं लागलं नव्हतं, कारण सांगणारी शेजारी होती.

मला आनंद झाला, उगाच साळसूद कशाला बनू. जाता-येता गाडी हळू करून मी ती कुजलेली रोपं बघायचे.

मग एका सकाळी पुढची बेल वाजली. व्हर्ना. कधी नव्हे ती पुढच्या दारात, हातात पर्स, जणू परक्या घरी आली होती. परकी झालीच होती.

"डेल आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"आहे," आत्या मागून म्हणाली. "बोल."

"मेली सगळी." व्हर्ना जमिनीकडे बघत होती. "माळी म्हणतो, परत खडी टाकून टाकू. पालिकाही तेच म्हणतेय. सोमवारी टाकणार आहेत. काय करू, सांग."

मी मनात म्हटलं, आता सांग तिला. आता दे फटका.

आत्याने चपला घातल्या. मग शेडमध्ये गेली आणि रोपांचे ट्रे बाहेर आणायला लागली. चिनी गुलाब, कोंबडा, सदाफुली, दुधाच्या रिकाम्या खोक्यांत वाढवलेली, वेळेवर मान टाकू दिलेली, काटक. एक एक ट्रे व्हर्नाच्या गाडीत. शेवटी लोकरीचं पोतं. पहिले दिवस जुनी चादर ताणून सावली कर, म्हणाली. पाणी सकाळी, बुडाशी, आणि मान टाकल्याशिवाय नाही. सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. आवाज मात्र असा, की दुकानात नवीन गिऱ्हाइकाशी बोलावं.

"तू येशील लावायला?" व्हर्नाने विचारलं. "डेल, तू ये ना. मी सगळ्यांना सांगते, तुझी आहेत म्हणून. चुगलीचंही सांगते."

"नको. मी येणार नाही."

"इतकी वर्षं गं..."

"रोपं ने, व्हर्ना. ऊन चढतंय."

ती गेल्यावर मी आत्यावर उखडले. "वेडी आहेस का? तिचं नाव लागेल त्यावर. पाटी लागेल तिची."

"लागू दे. सोमवारी खडी पडली असती." एवढंच म्हणाली आणि रिकामी जागा झाडायला लागली, जिथे ट्रे होते.

मार्चअखेरीला आत्याच्या पायाला जखम झाली, मलमपट्टीला मी तिला हॉस्पिटलात नेलं. नर्स म्हणाली, पलीकडच्या खोलीत बसा, डॉक्टर येतोय. तीच, मर्व्ह काकांची खोली निघाली. पलंगावर एक म्हातारा होता, सुकलेला, नाकात नळी. खिडकीबाहेर लाल, गुलाबी, केशरी, काचेच्या खालच्या कडेपर्यंत. मी पहिल्यांदाच आतून बघत होते. उन्हात डोळ्यांत भरेल असं फुललं होतं.

आत्या खुर्चीत बसली आणि बघत राहिली.

म्हातारा म्हणाला, "मी या फुलांच्या वेळेवर औषध घेतो. ती उघडली की सकाळचं, मिटली की संध्याकाळचं. नर्स म्हणते, घड्याळ लावू का. मी म्हणतो, कशाला." त्याला हसताना खोकला आला. "कुणी लावलीत, माहितीय तुम्हाला?"

मी तोंड उघडलं. आत्याने माझं मनगट धरलं, घट्ट.

"व्हर्ना पॅस्को," ती म्हणाली. "माझ्या शेजारी राहते."

"भली बाई दिसते."

आत्याने मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही, नुसती हलवली.

पट्टी झाली, आम्ही गाडीत येऊन बसलो. सीट इतकी तापली होती की मांड्या भाजत होत्या. मी किल्ली लावली, तर ती म्हणाली, थांब. समोर काचेतून धुळीचा रस्ता दिसत होता. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "मला सांगायचं होतं गं त्याला. माझी आहेत म्हणून. जिभेवर आलं होतं अगदी."

"मग सांगायचं ना."

"मग नर्सने सांगितलं असतं, बाहेर पाटीवर तर तिचं नाव आहे. आणि मला ती गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली असती." तिने डोळे पुसले, धूळ पुसावी तसे. "मर्व्ह गेला तेव्हा मी एकटी पडले नव्हते. ती होती. आता पडले."

मी काय बोलणार होते? मी आहे ना, म्हणणार होते. पण ती माझ्याबद्दल बोलत नव्हती. मी गाडी सुरू केली.